‘ॲव्हरेज’चा हिशेब : हायब्रिड घ्यावी की आहे ती गाडी नीट चालवावी?

ओपीडी आटोपल्यावर चहा घेताना आमच्या विभागातल्या एका तरुण सहकाऱ्याने विचारले, ‘‘सर, जुनी पेट्रोल गाडी काढून हायब्रिड घेऊ का? दुप्पट ॲव्हरेज देते म्हणतात.’’ त्याची गाडी सात वर्षांची आहे. रोजचे येणे-जाणे पंचवीस किलोमीटरच्या आत आणि वर्षाला फिरणे जेमतेम आठ-दहा हजार किलोमीटर. मी त्याला उलट विचारले, ‘‘आत्ताच्या गाडीच्या चाकांतली हवा शेवटची कधी तपासलीस?’’ तो हसला. आठवत नव्हते.

हा प्रश्न सध्या अनेक घरांत विचारला जातो आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा कर १८ टक्क्यांवर आला. त्याहून मोठ्या गाड्यांना सरसकट ४० टक्के लागले आणि विजेच्या गाड्या ५ टक्क्यांवरच राहिल्या. या बदलात एक गोष्ट फारशी चर्चेत आली नाही. आधीच्या पद्धतीत उपकर धरून मोठ्या एसयूव्हीवर ५० टक्क्यांपर्यंत कर होता आणि हायब्रिडवर ४३. म्हणजे इंधन वाचवणाऱ्या गाडीला थोडी का होईना सवलत होती. आता चार मीटरहून लांब हायब्रिड आणि तेवढीच लांब, पण जास्त पेट्रोल पिणारी एसयूव्ही एकाच ४० टक्क्यांच्या रांगेत उभ्या आहेत. दुसरीकडे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने ॲव्हरेज घटल्याची तक्रार घरोघरी आहे. अशा वेळी हायब्रिड म्हणजे रामबाण उपाय असे वाटणे स्वाभाविक आहे. पण औषध लिहून देण्याआधी रोग कुठे आहे ते पाहावे लागते.

पेट्रोल जाते कुठे?

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. साध्या पेट्रोल गाडीत तिच्यातली जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचते. उरलेली बहुतेक उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे निघून जाते. चाकांपर्यंत पोहोचलेली ऊर्जा तीन ठिकाणी खर्च होते : हवेचा विरोध, टायरचे रस्त्याशी घासणे आणि ब्रेक.

शहरात यातला ब्रेकचा वाटा मोठा असतो. बाराशे किलोची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यात सुमारे १६७ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. पेट्रोलच्या ऊर्जेपैकी पाव हिस्साच चाकांना मिळतो हे धरले, तर एवढी गती गाडीला द्यायला सुमारे २० मिलिलिटर पेट्रोल लागले. सिग्नलजवळ येईपर्यंत एक्सलरेटर दाबून ठेवला आणि शेवटी करकचून ब्रेक लावला, की ते २० मिलिलिटर ब्रेकच्या चकत्या तापवण्यात गेले. असे पन्नास वेळा केले की एक लिटर संपला.

हायब्रिड गाडी नेमकी याच ठिकाणी कमावते. टोयोटाने डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये प्रियस विक्रीला आणली, तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे. ब्रेक लावताना मोटर जनरेटरसारखी चालते आणि वाया जाणाऱ्या ऊर्जेचा काही भाग बॅटरीत साठवते. गाडी उभी असताना किंवा रांगत असताना इंजिन बंद राहते. आणि मोटरचा हातभार असल्यामुळे इंजिनाला जास्तीत जास्त वेळ त्याच्या सर्वांत काटकसरीच्या टप्प्यात चालवता येते. हे तिन्ही फायदे थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत सर्वाधिक मिळतात. पुणे-सातारा रस्त्यावर एकाच वेगाने जाताना ब्रेकच फारसा लागत नाही, तेव्हा हायब्रिडची आघाडीही कमी होते.

शोरूममध्ये आणखी एक गोष्ट नीट विचारावी. ‘हायब्रिड’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गाड्या विकल्या जातात. ‘माइल्ड हायब्रिड’मध्ये छोटी मोटर इंजिनाला थोडी मदत करते, एकटी गाडी ओढत नाही. ‘स्ट्राँग हायब्रिड’ काही अंतर केवळ विजेवर चालते. मारुतीच्या ग्रँड व्हिटारामध्ये हे दोन्ही प्रकार आले. माइल्ड हायब्रिड मॅन्युअलचे जाहीर ॲव्हरेज लिटरला २१.११ किलोमीटर, तर स्ट्राँग हायब्रिडचे २७.९७.

आकड्यांचा सापळा

हे जाहीर आकडे प्रयोगशाळेतले असतात. गाडी रोलरवर ठेवून, ठरलेल्या वेग-वेळापत्रकाप्रमाणे, एसी बंद ठेवून चाचणी होते. वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. दोन गाड्यांची तुलना करायला ही चाचणी उपयोगी आहे, पण आपल्या हातात तेच ॲव्हरेज पडेल अशी अपेक्षा ठेवू नये.

त्याहून मोठी गफलत ‘लिटरला किती किलोमीटर’ या मोजमापातच आहे. एक उदाहरण पाहू. एक गाडी लिटरला १० किलोमीटर देते, ती साडेबारा देऊ लागली. दुसरी २० देते, ती २८ देऊ लागली. कोणाचे पेट्रोल जास्त वाचले? बहुतेक जण दुसरीचे म्हणतील. वर्षाला १०,००० किलोमीटर धरून हिशेब करा. पहिलीला १,००० लिटर लागत होते, आता ८००; बचत २०० लिटर. दुसरीला ५०० लागत होते, आता ३५७. बचत १४३ लिटर. अडीच किलोमीटरची वाढ आठ किलोमीटरच्या वाढीला भारी पडली. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हाच भ्रम दाखवून दिला होता. युरोपात ‘१०० किलोमीटरला किती लिटर’ असे लिहितात, त्यात हा घोटाळा होत नाही.

वैद्यकात आम्हाला ही गोष्ट रोज भेटते. ‘या गोळीने धोका निम्म्यावर येतो’ असे कोणी म्हटले, तर आम्ही विचारतो, मुळात धोका किती होता? शंभरात २० जणांवरून १० वर आला, तर गोळी मोलाची. हजारात दोघांवरून एकावर आला, तर तिची किंमत आणि त्रास यांचा वेगळा विचार करावा लागतो. टक्केवारी दोन्हीकडे तीच. गाडीतही तसेच आहे. ॲव्हरेज ५० टक्के वाढले म्हणजे पेट्रोल ५० टक्के वाचले असे होत नाही; ते एक तृतीयांश वाचते.

खर्च वसूल कधी होतो?

आता माझ्या सहकाऱ्याचा हिशेब. समजा साधी पेट्रोल गाडी शहरात प्रत्यक्ष १२ किलोमीटर देते आणि तिच्याच आकाराची स्ट्राँग हायब्रिड २०. वर्षाला १०,००० किलोमीटरसाठी पहिलीला ८३३ लिटर लागतील, दुसरीला ५००. बचत ३३३ लिटर. गणित सोपे राहावे म्हणून पेट्रोल १०० रुपये लिटर धरू. वर्षाला ३३ हजार रुपये वाचले. हायब्रिडसाठी अडीच लाख रुपये जास्त मोजले असतील, तर ते वसूल व्हायला साडेसात वर्षे लागतील, तेही व्याज न धरता. पण तीच गाडी टॅक्सी म्हणून वर्षाला ४०,००० किलोमीटर शहरात फिरली, तर वर्षाला एक लाख ३३ हजार वाचतात आणि दोन वर्षांच्या आत पैसे परत मिळतात. हायब्रिड चांगली की वाईट, हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. ती कोण, कुठे आणि किती चालवणार, हे आधी ठरवावे लागते.

आणि हाच सहकारी आपल्या जुन्या गाडीचे ॲव्हरेज १२ वरून १४ वर नेऊ शकला तर? ८३३ ऐवजी ७१४ लिटर लागतील. वर्षाला सुमारे १२० लिटर, म्हणजे १२ हजार रुपये, जवळजवळ फुकट. उलट, हायब्रिडवाल्याने तेवढ्याच प्रमाणात सुधारणा केली, म्हणजे २० वरून साधारण २३ वर नेली, तर ६५ लिटर वाचतील. चांगल्या सवयीचा लाभ जास्त पिणाऱ्या गाडीला जास्त होतो.

जुन्या गाडीला हायब्रिडच्या सवयी

साध्या गाडीला बॅटरी जोडता येत नाही, पण हायब्रिडचे संगणक जे करतात त्यातले बरेच आपला उजवा पाय करू शकतो.

पहिली सवय पुढे पाहण्याची. दोनशे मीटरवर लाल सिग्नल दिसत असेल, तर आत्ताच एक्सलरेटर सोडावा आणि गाडी गिअरमध्येच हळू होऊ द्यावी. ब्रेकमध्ये जाणारे ते २० मिलिलिटर इथे वाचतात. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या मते, झटक्याने वेग वाढवणे आणि जोरात ब्रेक लावणे यामुळे थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत ॲव्हरेज १० ते ४० टक्के घटू शकते. इतका मोठा फरक दुसऱ्या कोणत्याही सवयीने पडत नाही.

दुसरी सवय उभ्या गाडीचे इंजिन बंद करण्याची. लहान इंजिनही नुसते चालू राहिले तर तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल खाते. पुन्हा चालू करायला मात्र दहाएक सेकंदांच्या आयडलिंगइतकेच इंधन लागते. रोज वीस मिनिटे असे चालू इंजिन वाचवले, तर तीनशे दिवसांत शंभर तास होतात. म्हणजे ५० ते १०० लिटर. दहा सेकंदांच्या थांब्याला बंद-चालू करत बसू नये. अर्ध्या मिनिटाहून मोठा सिग्नल, रेल्वे फाटक, टोलची लांब रांग किंवा शाळेबाहेरची वाट पाहणे असेल, तर किल्ली फिरवावी.

तिसरी वेगाची. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १२० ने गेलो, तर तो सव्वादोन पट होतो. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. मुंबई-नागपूर सुमारे ७०० किलोमीटर १२० ने गेले तर पावणेसहा-सहा तास, १०० ने गेले तर सात. त्या तासाभरासाठी हवेचा विरोध ४४ टक्के जास्त सोसावा लागतो. टपावर सामानाचा बोजा असेल, तर आणखी.

चौथी, चाकांतली हवा. योग्य दाबाचा आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. टायर थंड असताना, महिन्यातून किमान एकदा हवा तपासावी. पेट्रोलमधली बचत इथे लहान आहे, चारही चाकांत दर एक पीएसआय कमी हवेला सुमारे ०.२ टक्के. पण कमी हवेचा टायर वेगात तापून फुटतो. तो फुटला की काय होते, ते अपघात विभागात काम करणाऱ्या कोणालाही विचारा.

पाचवी एसीची. शहरातल्या धिम्या गतीत उन्हाने तापलेल्या गाडीत आधी मिनिटभर काचा उघडून गरम हवा बाहेर घालवावी, मग एसी लावावा. मोठ्या रस्त्यावर वेगात काचा उघड्या ठेवण्यापेक्षा एसी बरा. उन्हाळ्यात वृद्धांना किंवा तान्ह्या बाळाला घेऊन जाताना पेट्रोलसाठी एसी बंद ठेवू नये. तिथे काटकसर महागात पडते.

एक जुनी, घातक समजूत

घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकली की पेट्रोल वाचते, असे अनेकांना अजूनही वाटते. कार्ब्युरेटरच्या काळातली ही समजूत आहे. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तुम्ही गिअरमध्ये असून एक्सलरेटरवरचा पाय काढला, की संगणक इंजिनाचे इंधन पूर्ण तोडतो. चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला टाकली की उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल द्यावे लागते. म्हणजे बचत उणे. वर इंजिनाचा अटकाव गेला, सगळा भार ब्रेकवर आला, ब्रेक तापले आणि ऐन वळणावर धरेनासे झाले. इंजिनच बंद करून उतरणे तर त्याहून वाईट. तेव्हा ब्रेकला मिळणारी मदत आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात. बोरघाट असो, कसारा असो की आंबा घाट, उतरताना खालचा गिअर हाच सुरक्षित आणि काटकसरीचाही मार्ग आहे.

बाकी समजुती निदान निरुपद्रवी आहेत. पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधून ॲव्हरेज वाढत नाही. एअर फिल्टर वेळेवर बदलावा, पण आधुनिक गाडीत तो कचऱ्याने भरला तर परिणाम मुख्यतः गाडीच्या पिकअपवर होतो, ॲव्हरेजवर फारसा नाही. सकाळी गाडी पाच मिनिटे जागेवर तापवत ठेवण्याचीही गरज नसते. सुरू करून हळू चालवली की ती लवकर तापते.

इथेनॉलचे काय?

लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा साधारण ७ टक्के आणि १० टक्के मिश्रणापेक्षा साडेतीन टक्के कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या घडणीच्या चारचाकींचे ॲव्हरेज ६ ते ७ टक्के आणि नव्या मिश्रणासाठी जुळवलेल्यांचे १ ते २ टक्के घटेल असा अंदाज दिला होता. लोकांची तक्रार निराधार नाही. मात्र ॲव्हरेज वीस-पंचवीस टक्के घटले असेल, तर सगळा दोष इथेनॉलला देऊन मोकळे होऊ नये. अडकलेला ब्रेक, कमी हवा, खराब सेन्सर किंवा बदललेला रस्ता, काहीतरी दुसरे शोधावे लागेल. त्यासाठी आधी मोजमाप हवे. टाकी पूर्ण भरून किलोमीटर टिपा, पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा पूर्ण भरा आणि भागाकार करा. असे तीन-चार वेळा केले की खरा आकडा हाती येतो. एका दिवसाच्या रक्तदाबावर आम्हीही निदान करत नाही.

फुप्फुसांचा हिशेब

आरोग्याच्या स्तंभात पेट्रोलची एवढी चर्चा कशाला, असे कोणाला वाटेल. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो थेट इंधनाच्या प्रमाणात असतो, म्हणून वाचलेला प्रत्येक लिटर मोजता येतो. पण श्वासाचा त्रास देणारे सूक्ष्म कण आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांचे गणित इतके सरळ नाही. जुनी डिझेल गाडी ॲव्हरेज उत्तम देते आणि काजळीही भरपूर सोडते. नव्या गाडीतही धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय नीट काम करत नाही. त्यामुळे थंड इंजिनाने केलेला एक किलोमीटरचा फेरा अंतराच्या मानाने सर्वांत घाणेरडा असतो. तो चालत केला तर पेट्रोल, हवा आणि तुमची रक्तातली साखर, तिघांचे भले होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम सुचवली. आपल्याकडचे मानक ४० आहे. गाड्या हा या कणांचा एकमेव स्रोत नव्हे, पण त्यांचा धूर नाकाच्या उंचीवर निघतो. शाळा सुटताना फाटकासमोर इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या वीस गाड्यांचा धूर आधी कोणाच्या छातीत जातो? सायलेन्सरच्या उंचीच्या जवळ ज्यांची नाके असतात, त्यांच्या. दम्याच्या मुलाला पंप लिहून देणे माझे काम आहे. फाटकाबाहेरचे इंजिन बंद करणे मात्र पालकांच्याच हाती आहे.

धोरणाने काय करावे?

वैयक्तिक सवयींवर सगळा भार टाकणे बरोबर नाही. गाड्या बनवणाऱ्यांसाठी सरासरी इंधनवापराचे नियम आपल्याकडे आहेत. त्यांचा दुसरा टप्पा २०२२-२३ पासून लागू झाला आणि त्यात किलोमीटरला सुमारे ११३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची सरासरी अपेक्षित आहे. पेट्रोलच्या भाषेत ते लिटरला वीसच्या आसपास होते. तिसऱ्या टप्प्यावर लहान गाड्यांना सूट द्यावी का, यावरून कंपन्यांत खडाजंगी चालू आहे. ग्राहकाने त्या वादात पडायची गरज नाही, पण दोन गोष्टी मागायला हव्यात. फ्रीज आणि एसीवर असते तसे ठळक लेबल शोरूममधल्या प्रत्येक गाडीवर हवे आणि त्यावर ‘वर्षाला १०,००० किलोमीटरसाठी इतके लिटर’ असे सरळ लिहिलेले हवे. दुसरे, कर गाडीच्या लांबीपेक्षा ती जाळत असलेल्या इंधनाशी जोडलेला हवा. चार मीटरहून लांब काटकसरी हायब्रिड आणि तहानलेली एसयूव्ही यांना सारखाच कर लावला, तर ग्राहकाला कमी पेट्रोल जाळण्याचे कारण उरत नाही.

माझ्या सहकाऱ्याला मी एवढेच सांगितले : तीन महिने टाकी भरून मोज, हवा तपास, सिग्नलच्या आधी पाय काढ. तुझी गाडी वर्षाला वीस-पंचवीस हजार किलोमीटर शहरात फिरू लागली किंवा ती मोडकळीला आली, तर हायब्रिड जरूर पाहा. परवा तो सांगत होता, मागच्या दोन्ही चाकांत आठ-आठ पीएसआय हवा कमी निघाली. कोणत्या कंपनीची गाडी घ्यावी, हे त्याने पुन्हा विचारलेले नाही.